कॉक चालूच होता

बाबांची मोटरसायकल मी विकायला काढली, तेव्हा ती तीन वर्षं पडवीत उभी होती. नेरळला बंगला बांधलेल्या एका हौशी माणसाला जुनी गाडी हवी होती, पण चालू करून. टाकीतून पेट्रोल खाली उतरतच नव्हतं. म्हटलं, तेवढं आपणच साफ करू.

बाबा खालापूरला तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. कर्जतजवळच्या आमच्या गावातून रोज याच गाडीवर जायचे. मग गाडी वाटेत बंद पडायला लागली. तीन-चार किलोमीटर गेलं की फुस्स. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. बाबांना पोचायला उशीर व्हायचा, लोक दुसऱ्याच्या टेबलाकडे वळायचे. घरी मी तपासायला घ्यावी तर एका किकमध्ये सुरू! अंगणात दोन फेऱ्या मारायचो आणि निकाल द्यायचो, "गाडीला काय धाड भरलीय? तुमीच पेट्रोलचा कॉक चालू करायला विसरता."

"विसरत नाय रं. चालूच असतो."

"मग काय भुताटकी हाय?"

टाकीखालचा हा कॉक बंद असला तरी नळीतल्या पेट्रोलवर गाडी थोडी पळते आणि मग मरते. त्यामुळे माझं म्हणणं सगळ्यांना पटायचं. मीही कमी नाही. टपरीवर, पाहुण्यांत, बाबांच्या देखत सांगायचो की बाबांचं भान आता सुटत चाललंय. एकदा गाडी वळणावरच बंद पडली आणि मागून ट्रक आला. थोडक्यात वाचले. त्या दिवशी मी चावी काढून घेतली. कचेरीबाहेरचं टेबल आणायलाही मलाच जावं लागलं.

हळूहळू त्यांनी अर्ज लिहिणंच सोडलं. तारीख चुकली तर, नाव राहिलं तर, म्हणायचे. गोळी घेतली की नाही हे आईला विचारायला लागले. आई आधी हसायची, मग तीच गोळ्या मोजून द्यायला लागली.

परवा टाकी उतरवली, दोन बोल्ट ढिले करून कॉक काढला. मेन आणि रिझर्व्ह, दोन्ही तोंडांवर पांढरट चिंध्या चिकटलेल्या. चिमट्याने ओढल्या. दूधपिशवीचं प्लास्टिक!

आमच्याकडचा पाऊस झाकणाखालूनही टाकीत शिरतो, म्हणून निम्मा तालुका झाकणाखाली पिशवीचा तुकडा घालतो. आमच्या गाडीला तो घालणारा मीच. मोठा काळजीवाहू ना! दर पावसाळ्यात नवा तुकडा लावायचो. जुना कुठे गेला, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो फाटून आत पडायचा. गाडी पळाली की पेट्रोलच्या ओढीने तोंडाशी चिकटायचा, थांबली की सुटायचा. अन् मी बापाला विसरभोळा ठरवून मोकळा झालो. लाज वाटते सांगायला.

सायकलच्या पंपाने दोन्ही तोंडं मोकळी केली. टाकीत बारीक खडी घालून गंज हलवून काढला, दोनदा धुतली. कर्जत ते खालापूर जाऊन आलो. गाडी एकदाही थांबली नाही. नेरळवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

बाबा ओटीवर बसले होते. त्या चिंध्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. चूक माझी होती, तुमी कधीच काही विसरला नव्हता, असं म्हणताना मला रडू फुटलं.

बाबांनी एक चिंधी उचलून बघितली, परत ठेवली. माझ्याकडे बघून हसले.

"चांगला हायस रं तू. बापाला बरं वाटावं म्हनून केवढी खटपट केलीस."

"खोटं नाय सांगत बाबा, आईशप्पत!"

"होय रं होय," त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पन विसरायचो मीच."