दुखवट्याची अंघोळ

देवीची तसबीर मी सोबत नेली होती, पण पिशवीतून बाहेर काढली नव्हती. अंबाजोगाईच्या योगेश्वरीची ती लहानशी तसबीर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, साड्यांच्या घडीत घालून दिली होती. त्यांना नको म्हणवलं नाही म्हणून ती आली. यजमान गेल्यापासून माझे हात जोडले जात नव्हते. राग होता असंही नाही. रागावायला समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि मला तेवढंही वाटत नव्हतं.

यजमान धारूरजवळच्या आमच्या गावी शाळेत शिक्षक होते. दोघांनाही वाचनाची आवड. श्रावणात ते ओसरीवर बसून पोथी वाचायचे आणि मी चुलीपाशी बसून ऐकायची. ते गेले ते दुष्काळाच्या उन्हाळ्यात. मी तेव्हा दूध संघात महिलांच्या दूध संस्थांचं काम पाहत असे. गावोगावची जनावरं चारा छावणीत आणून बांधलेली होती, त्यांच्यासोबत माणसंही तिथंच राहत, म्हणून सकाळचं दूध आम्ही छावणीतच गोळा करायचो. अशाच एका सकाळी मी छावणीत असताना त्यांच्या छातीत कळ आली. मी घरी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

दहाव्याला नदीत पाणी नव्हतं. भावकीतल्या माणसांनी पात्रातली वाळू उकरून झिरा केला, म्हणजे हातभर खोल खड्डा, आणि त्यात पाझरणारं पाणी वाटीवाटीनं कळशीत भरलं. त्या गढूळ पाण्यानं आमच्या अंघोळी झाल्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे कडू घास आणला होता. पिठलं आणि भाकरी. मी घास तोंडात घेतला, तो खाली उतरला की नाही मला आठवत नाही. रडू आलं नाही. थोड्याच दिवसांत मी पुन्हा कामावर जाऊ लागले, आणि लोक म्हणू लागले, बाई धीराची आहे.

पुढे आमच्या साहेबांनी विचारलं, केनियातल्या एका कोरड्या भागात बायका दूध संस्था उभी करत आहेत, वर्षभर तिथं राहून शिकवणारी स्वयंसेविका हवी आहे, जाल का? मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा की. इथं नुसती भिंतीकडं बघत बसतीस. तिथल्या भिंती तरी नव्या असतील."

भिंती नव्या होत्या, बाकी फारसं नवं नव्हतं. लाल माती, काटेरी झाडं, डोक्यावर तापलेले पत्रे. मला विटांची एक खोली दिली होती. शेजारी एस्तेर राहायची, गावच्या शाळेतली शिक्षिका. तिचं इंग्रजी चांगलं, माझं पुस्तकी, त्यामुळे ती माझी दुभाषी झाली. मक्याच्या पिठाचा उकडलेला घट्ट गोळा पालेभाजीशी कसा खायचा, कोळशाच्या शेगडीला वारा कसा घालायचा, हे तिनंच शिकवलं. तिथं मोठ्या बाईला मानानं 'मामा' म्हणतात. फोनवर मी हे सांगितलं तेव्हा आत्याबाई किती तरी वेळ हसल्या. मग त्यांनी विचारलं, "पाणी हाय का तिकडं?"

"नदी कोरडी आहे. बायका वाळू उकरून काढतात."

"मंग आपल्यासारखंच की! त्यासाठी इमानात कावून बसलीस गं?"

मी हसले खरी, पण नदीकडे माझं पाऊल वळत नव्हतं. वाळू उकरणाऱ्या बायकांचे वाकलेले खांदे दुरून दिसले तरी मला तो दहावा आठवायचा. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तरी एक म्हातारी बाई, मामा कवाता, रोज सकाळी पाण्याचे पिवळे डबे गाढवावर लादून परतताना माझ्या दारात थांबायची, एक डबा उतरवायची आणि गाढवाच्या मानेवर थाप मारून पुढे जायची. तिचं बघून बाकीच्या बायका आमच्या संकलन केंद्रावर दूध घेऊन येऊ लागल्या. किटल्या राखेनं घासून गरम पाण्यानं कशा धुवायच्या, दूध नासलंय का हे कसं ओळखायचं, हे मी त्यांना दाखवत होते. दोन जणी तर माझी नक्कल करायच्या, नाकाजवळ झाकण धरून भुवया चढवायच्या, की सगळ्या खिदळायच्या. मला वाटू लागलं होतं, जमेल आपल्याला.

तेवढ्यात कवाताचा म्हातारा वारला.

सगळं गाव तिच्या अंगणात जमलं होतं. मी एस्तेरसोबत गेले. गाणी झाली, प्रार्थना झाली. मी कवाताच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. आमच्याकडे अशा वेळी शब्द लागत नाहीत. मग आमच्या रीतीप्रमाणे मी उठले आणि खाली मान घालून, कुणाचा निरोप न घेता निघाले. मरणाच्या दारातून निघताना आपण 'येते' म्हणत नाही. तिथं पुन्हा यावं लागू नये म्हणून. घरी आल्यावर बाहेरच, दारातल्या दगडावर, नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं, लुगडं तिथंच पिळलं आणि मग उंबरा ओलांडला. हात आपोआप चालत होते. रस्त्यानं परतणाऱ्या बायका क्षणभर थांबल्या, हे मला दिसलं. का थांबल्या ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं नाही. म्हटलं, तिच्या घरी दुःख आहे, कशी येईल? पण दूधही आलं नाही. मी केंद्राच्या दारात घासलेल्या किटल्या मांडून बसले. बायका समोरच्या रस्त्यानं दूध घेऊन गेल्या आणि दूरच्या बाजारातल्या चहावाल्याला घालून आल्या. रोज असंच. एस्तेरला विचारलं तर तिनं नजर वळवली. "त्या दुखावल्या आहेत," एवढंच म्हणाली, "पण मी सांगणं बरं दिसत नाही. मोठ्या बायकांचं आहे." मी एस्तेरच्या घरून तांब्याभर पाणी मागून आणू लागले. आपण कुणालाच जवळचे होऊ शकत नाही, अशी माझी खात्री झाली. शेवटी मी शहरातल्या कार्यालयात फोन करून सांगितलं, मला परत जायचं आहे. ते म्हणाले, रविवारी गाडी पाठवतो. मी गेले असते तर ते केंद्र बंदच पडलं असतं, आणि मला वाटतं, मीही.

शनिवारी संध्याकाळी सामान बांधताना साड्यांच्या घडीतून तसबीर खाली पडली. मी ती उचलून खिडकीत ठेवली. हात जोडले नाहीत. नुसतं म्हटलं, "आई, माझ्याच्यानं होत नाही आता. तुला काय करायचं ते कर." प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. थकलेलं माणूस ओझं जिथं असेल तिथंच खाली टाकतं, तसं ते होतं.

सकाळी दारात गाढवाचं फुरफुरणं ऐकू आलं. बाहेर पाहते तर कवाता गाढवाचा दोर ओढत होती आणि ते चारी पाय रोवून, माझ्या दारातल्या दगडापाशी उभं होतं. म्हातारा गेल्यानंतर ती त्या दिवशी पहिल्यांदाच पाण्याला निघाली होती. रस्ता माझ्या दारावरून जायचा. गाढवाला काय ठाऊक माणसांचं रुसणं? परतताना जिथं थांबायचं तिथं ते जातानाही सवयीनं वळलं होतं. कवातानं त्याला दोन रट्टे दिले, शिव्या दिल्या. ते हललं नाही. आवाज ऐकून एस्तेर बाहेर आली.

कवातानं दोर सोडून दिला आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. एस्तेर हळू आवाजात सांगत गेली. "ती म्हणते, मी येणार नव्हते, हे मूर्ख जनावर आलं. आलेच आहे तर विचारते. माझ्या घरी तू आलीस, सगळ्यांशी हात न मिळवता शत्रूसारखी उठून गेलीस. आणि मीच आणून दिलेल्या पाण्यानं, सगळ्यांच्या देखत, माझं घर अंगावरून धुऊन टाकलंस. आम्ही एवढे घाण आहोत का?"

मी दगडावर बसलेच. मग सांगत गेले, एस्तेरला समजेल अशा साध्या इंग्रजीत. आमच्याकडे मरणाच्या घरातून निघताना निरोप घेत नाहीत. का घेत नाहीत तेही सांगितलं. अंघोळ करतात कारण त्या घरचं सुतक आपल्याला लागलेलं असतं. घरातलं, नात्यातलं, शेजारचं माणूस गेलं की करतात. रस्त्यावरच्या परक्याच्या मरणानं कुणी डोक्यावरून पाणी घेत नाही. "मी माझ्या नवऱ्याच्या वेळीही अशीच न्हाले होते," मी म्हणाले. "वाळूतून उकरलेल्या पाण्यानं."

हे वाक्य मी त्या देशात पहिल्यांदा उच्चारलं होतं. खरं तर कुठेच उच्चारलं नव्हतं.

एस्तेरनं ते सांगितल्यावर कवाता पुढे आली. मग माझ्याजवळ दगडावर बसली. नदीवर खायला म्हणून तिनं फडक्यात उकडलेला मका आणि घेवडा बांधून घेतला होता. तिनं ते फडकं सोडलं, मूठभर घेतलं आणि माझ्या तोंडाशी धरलं. तिला आमचा रिवाज कुणी सांगितला नव्हता. घास थंडगार होता, मीठही नव्हतं त्यात. तो मी गिळला, आणि मग छावणीतल्या त्या सकाळपासून आत धरून ठेवलेलं सगळं रडणं बाहेर आलं. कवाताही रडत होती. तिच्या म्हाताऱ्यासाठी तिला अजून नीट रडता आलं नव्हतं, असं नंतर एस्तेर म्हणाली. गाढव मात्र मजेत माझ्या वळचणीखालचं गवत खात होतं.

दुपारी गाडी आली. ड्रायव्हरला चहा देऊन परत पाठवलं.

त्यानंतर मी रोज कवातासोबत नदीवर जाऊ लागले. वाळू उकरायची, पाणी पाझरेपर्यंत स्वस्थ बसायचं. घाई केली की पाणी गढूळ होतं, हे आमच्याकडचंच. एक दिवस मी झिऱ्याच्या काठी साती आसरांचे सात खडे मांडले, आमच्याकडे पाण्याच्या देवता म्हणून मांडतात तसे, आणि कितीतरी दिवसांनी हात जोडले. कवाता बाजूला उभी राहून पाहत होती. दुसऱ्या सकाळी पाहते तर खड्यांभोवती काट्यांचं छोटं कुंपण होतं, जनावरांचा पाय पडू नये म्हणून. दूध पुन्हा येऊ लागलं. मी निघाले तेव्हा त्यांच्या किटल्या माझ्यापेक्षा लखलखीत घासल्या जात होत्या. सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवले, एकेकीनं, दोन्ही हातांनी. मीही एकेकीला 'येते' म्हणाले.

यालाही आता बरीच वर्षं झाली. मी नोकरीतून निवृत्त झाले, आत्याबाई पार वाकल्या. गेल्या आठवड्यात दुपारी एस्तेरचा निरोप आला, मामा कवाता गेली. झोपेत, काही त्रास न होता. मी फोन ठेवला आणि न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. यंदाही पावसानं ओढ दिलेली आहे, पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा येतो. बाहेर आले तशा आत्याबाई म्हणाल्या, "भर दुपारी कावून न्हालीस? आन् इतकं पाणी?"

"आपल्यातलं माणूस गेलं, आत्याबाई."

"कोण गं?"

"कवाता. जिचं गाढव होतं ती."

आत्याबाई भिंतीला धरून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी ओले केस पुसत देवीसमोर बसले. मागण्यासारखं काही सुचलं नाही. त्या शनिवारी मी ओझं टाकलं होतं तेव्हा तिनं ते कसं उचललं, कुणाच्या पावलांनी ती आली, एवढंच मनाशी आठवत राहिले. आपण वाट बंद केली तरी तिला वळता येतं. आपल्याला फार काही करावं लागत नाही, फक्त दार लावून घ्यायचं नाही.

थोड्या वेळानं पिठल्याचा वास आला. आत्याबाई ताटली घेऊन आल्या, माझ्याजवळ टेकल्या आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या तोंडाशी धरला.

"घे," म्हणाल्या. "लई लांबचं सुतक हाय."