दोन टोकांचं मीठ

एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. उरणच्या खाडीकाठी आमचं मिठागर. एकदा जेवताना मी मोठ्या ऐटीत बाला, माझ्या बापाला, सांगून बसलो, की मीठ एक धातू आणि एक विषारी वायू मिळून बनतं. मास्तरांनी आजच शिकवलं. बाचा हात ताटातच थांबला. उभा जन्म मिठागरात गेलेल्या माणसाला विषाचा आळ कसा सोसणार?

"माझे मिठाला ईख म्हनतंय तुजा मास्तर? शाला बंद. आता फावरं धर."

मला रडूच फुटलं. शाळेवर माझा जीव होता.

दुसऱ्या दिवशी माझं नाव काढायला बा स्वतः शाळेत आला. मास्तरांच्या टेबलावर त्याने फडकं सोडलं. आत मूठभर मीठ. "खावा. ईख हाय का सांगा."

मास्तरांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. "झकास आहे," म्हणाले आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे वळले. तो त्यांनी मांजरपाटावर हाताने रंगवला होता. "ही जगातली मूलद्रव्यं. डावीकडे आणि मध्ये धातू. लोखंड, तांबं, सोनं, सगळे इकडे. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात अधातू. दोघांच्या मधे ही पायऱ्यापायऱ्यांची रेघ."

"बांध," बा म्हणाला.

"बांधच. तुमच्या मिठातला धातू अगदी डाव्या काठाला. वायू पार तिकडे, शेवटून दुसऱ्या रकान्यात."

मग त्यांनी रॉकेलच्या बाटलीतून त्याच धातूचा एक मळकट गोळा काढून चाकूने कापला. आत लख्ख चांदी! त्यातला कणभर तुकडा परातीतल्या पाण्यात टाकला. तो सूं सूं करत पाण्यावर धावला, पिवळा पेटला आणि नाहीसा झाला. पाण्यावर आग! बा मागे सरला आणि त्याने चक्क हात जोडले.

"वायू तर याहून वाईट. हुंगला तरी छाती जाळतो. पण दोघं एकत्र आले की हे होतं," मास्तरांनी फडक्याकडे बोट केलं.

बा तक्त्याजवळ गेला. मिठाने भेगाळलेलं बोट डाव्या काठावर ठेवून त्याने सावकाश उजवीकडे नेलं. बांधापाशी क्षणभर थांबला. "ही दोघा परत येगली होतान का?"

"होतात वेगळी. पण ते कसं, हे पुढच्या शाळेत शिकवतात, मुंबईला."

मी नुसता बाच्या तोंडाकडे बघत होतो. टेबलावर सांडलेले मिठाचे खडे, एरवी रोज पायांखाली तुडवायचा ते, त्याने एकेक करून वेचले आणि फडक्यात बांधले. मग म्हणाला, "मंग या पोराला मुंबयला धाडाला लागंल."