बावीस लिटरांत खिंड

मामा भित्रा होता. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाहीये, त्याच्या तोंडावरही म्हणायचे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. "असू दे," तो म्हणायचा, "भित्र्या ड्रायव्हरच्या गाडीत बसलेली माणसं म्हातारी होतात."

डोंगरावर आमचा सहा खाटांचा दवाखाना. मी तिथे नर्स आणि मामा दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर. गाडी म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी डिझेलची पिकअप. मागच्या हौद्यावर पत्र्याची खोली चढवलेली, त्यात एक स्ट्रेचर, एक बाकडं आणि पुढे बोलायला हातभर खिडकी. वस्तीत मामाला सगळे 'काटा' म्हणायचे, कारण गाडी चालवताना त्याची नजर दर मिनिटाला डिझेलच्या काट्यावर जायची. टाकी अर्धी झाली की त्याचा जीव अर्धा व्हायचा. मामी म्हणायची, "माझ्याकडे एवढ्या वेळा बघितलं असतं तर मी कधीच माहेरी गेले नसते."

गाडी उंच करायची कल्पना त्याचीच. आदल्या वर्षी एक दगड खालून इंजिनाच्या तेलाच्या भांड्यावर बसला आणि दहा मिनिटांत सगळं तेल रस्त्यावर. रोगी कोणी नव्हता, नुसती औषधांची खोकी होती, पण मामाने ते मनाला लावून घेतलं. रस्त्यातला प्रत्येक दगड आपल्याच पोटाला लागणार असल्यासारखा तो बसायचा. शेवटी डॉक्टरांच्या मागे लागून त्याने खालच्या शहरातल्या गिअरमिस्त्रीकडे गाडी नेली. मिस्त्रीने स्प्रिंगा उंच केल्या आणि एकोणतीस इंचांच्या चाकांच्या जागी तेहतीस इंचांची दणकट चाकं बसवली. गाडी जवळजवळ वीतभर वर गेली. मला आत चढायला स्टूल लागायला लागलं.

मिस्त्रीने मात्र तेव्हाच बजावलं होतं. मी तिथेच उभी होते.

"चाक मोठं झालं म्हणजे एका फेऱ्यात अंतर जास्त," तो हात पुसत म्हणाला. "इंजिनाला वाटणार, कुणीतरी एक गिअर वरचा टाकलाय. ते कण्हत बसणार आणि डिझेल पिणार. एक्सलमधली दातांची जोडी, क्राऊन-पिनियन, ती बदलून घे. पुढची आणि मागची, दोन्ही. मग इंजिनाचा श्वास मोकळा होईल. आठ दिवस गाडी सोड माझ्याकडे."

"आठ दिवस?" मामाचा चेहरा उतरला. "आणि वर कुणाला काही झालं तर?"

"मग तुझी मर्जी. एक ध्यानात ठेव, किलोमीटरच्या आकड्यावर आता जाऊ नकोस. तो शंभर दाखवेल तेव्हा तू एकशे चौदा गेलेला असशील. आणि उतारावर जपून. पूर्वी इंजिन गाडीला जेवढं मागे धरायचं, तेवढं आता धरणार नाही."

मामा "पुढच्या महिन्यात आणतो" म्हणाला. पुढच्या महिन्यात कुणाचं तरी बाळंतपण, त्याच्या पुढच्या महिन्यात तापाची साथ. पूर्वी गाडी लिटरला अकरा द्यायची, ती आठावर आली. चढावर मागून काळा धूर निघायचा. मामा काट्याकडे बघायचा आणि पुन्हा 'पुढच्या महिन्यात' म्हणायचा.

तो दिवस उजाडला तेव्हा खालच्या शहराकडे जाणारा साठ किलोमीटरचा रस्ता दरड कोसळून दोन दिवस बंद होता. म्हणजे डिझेलचा टँकरही वर आला नव्हता. सकाळी नऊला एका म्हाताऱ्या पाथरवटाला चौघांनी खुर्चीत बसवून आणलं. आयुष्यभर दगडाची भुकटी छातीत साठवलेला माणूस. त्याला वाक्य पुरं करता येत नव्हतं. ओठ निळसर. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेतलं.

"याला खाली न्यायलाच हवं. इथे आपण काही करू शकत नाही."

खाली न्यायचं म्हणजे खिंडीवरून, जुन्या जंगलरस्त्याने. एकशे चाळीस किलोमीटर. वाटेत पंप नाही, वस्ती नाही, फोन लागत नाही.

मामाने टाकीत लांब काठी घालून बघितलं. सतरा लिटर. जनरेटरचं पाच लिटर होतं, तेही ओतलं. बावीस. मग तो माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "चढावर ही सहासुद्धा देत नाही हल्ली. बरोबर काठावर आहे, पोरी. काठावर."

माझ्याकडे ऑक्सिजनचं भरलेलं सिलिंडर एकच होतं. म्हाताऱ्याला लागत होतं त्या धारेने पाच तास पुरलं असतं. खिंडीच्या रस्त्याने लागणार होते साडेपाच.

"जोरात हाण," मी म्हणाले.

"जोरात हाणली तर डिझेल पोचणार नाही."

"हळू गेलास तर हा पोचणार नाही."

मामाने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मला वाटलं, हा आता नाही म्हणणार. त्याने दार उघडलं आणि किल्ली फिरवली. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

पहिली तीस किलोमीटर सपाट पठार होतं. मामाने नेहमीसारखा पाचवा गिअर टाकला. गाडी थरथरत होती, इंजिन कण्हत होतं, आणि वेग टिकवायला त्याला पाय दाबून धरावा लागत होता. मी मागून खिडकीतून बघत होते. धुराचा काळा पट्टा मागे लोंबत होता.

"मामा, चौथा टाक."

"चौथ्यात जास्त पिते."

"मिस्त्री काय म्हणाला? हिला पाचवा सहावा वाटतोय आणि चौथा पाचवा."

त्याने टाकला. कण्हणं थांबलं, पाय हलका झाला, धूर विरळ झाला. मामाचे खांदे थोडे खाली आले. माझे नाही आले. माझ्यासमोर दुसरा काटा होता, सिलिंडरच्या तोंडावरचा, आणि तो सरकत होता.

खिंडीचा चढ सुरू झाला आणि धुकं उतरलं. पंधरा पावलांपलीकडे काही नाही. रस्ता म्हणजे ओले सुटे दगड. मोठ्या चाकांनी दगड सहज गिळले, त्याबद्दल तक्रार नाही, पण वजन ओढताना इंजिन पुन्हा पुन्हा मरायला टेकत होतं. दुसऱ्यात जाईना, पहिल्यात गुरगुरत चालायची. डावीकडे दरी होती. ती दिसत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. अधूनमधून चाकाखालचा एखादा दगड सुटायचा आणि तो खाली पडल्याचा आवाज येतच नसे.

"काटा वर दाखवतोय," मी एकदा म्हणाले, मामाला धीर द्यायला.

"चढावर डिझेल टाकीत मागे जातं. खोटं बोलतोय तो." तो समोरून नजर न काढता म्हणाला. मानेवर घामाची रेघ, बाहेर थंडी असताना.

म्हाताऱ्याने माझं मनगट धरलं. तो काहीतरी विचारत होता. मी कान जवळ नेला.

"ड्रायव्हर... घाबरलाय का?"

"नाही हो आजोबा."

"मग... बरं," तो म्हणाला. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. "मी... घाबरलोय."

मी त्याचा हात सोडला नाही. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा बघत बघत मी ऑक्सिजनची धार मिनिटाला पाच लिटरवरून चारावर आणली. आकडा जरा घसरला, थांबला. चारावरून साडेतीनवर. कुणाचा तरी श्वास आपण आपल्या हाताने कमी करतोय, आणि तो आपल्याकडे विश्वासाने बघतोय, हे मी कुणाला सांगू शकत नव्हते.

माथ्यावर पोचायला दोन वाजले. गाडी सपाटीला आली आणि काटा खरं बोलायला लागला. तो लाल पट्टीच्या कडेला टेकला होता. मामाने गाडी थांबवली नाही, पण वेग अगदी माणसाच्या चालीवर आला.

"शहाण्णव झाले," तो म्हणाला. "अजून चव्वेचाळीस. नाही जमणार. मी तुला सांगतो, नाही जमणार. मी मागेच फिरायला हवं होतं. ही चाकं मी घातली, मी."

तो स्टिअरिंगशी बोलत होता. मला त्याचे डोळे आरशात दिसत होते, ते रस्त्यावर नव्हते. दरीपेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

"मामा! शहाण्णव तो आकडा म्हणतोय. शंभराला एकशे चौदा. आपण एकशे नऊ आलोय. राहिले एकतीस."

तो अजून स्टिअरिंगकडेच बघत होता.

"ऐकलंस का? एकतीस. आणि त्यातला बराचसा उतार."

"एकतीस," तो म्हणाला. मग पुन्हा, पाढा म्हणावा तसा, "एकतीस, एकतीस." आणि गाडी पुढे निघाली.

उतारावर डिझेल वाचतं. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजिन जवळजवळ काही घेत नाही. पण मिस्त्रीचं दुसरं वाक्य आता खरं झालं. गाडी दुसऱ्या गिअरमध्येही सुटत होती. इंजिन तिला धरेना. प्रत्येक वळणावर ब्रेक, पुढच्या वळणावर पुन्हा ब्रेक. मग वास आला. जळक्या रबराचा आणि तापलेल्या लोखंडाचा एकत्र. मामाने ब्रेक दाबला आणि मी बघितलं, त्याचा गुडघा नेहमीपेक्षा खोल गेला.

"धर त्याला!" तो ओरडला.

मी म्हाताऱ्यावर आडवी पडले. मामाने गाडी झटक्यात पहिल्यात टाकली, इंजिन किंचाळलं, आणि हँडब्रेक ओढत त्याने डावं चाक, आता डोंगर त्या बाजूला होता, मातीच्या उंचवट्यात घुसवलं. गाडी तिरकी होऊन थांबली. पुढे दहा पावलांवर वळण होतं, आणि वळणापलीकडे नुसतं पांढरं.

"ब्रेक थंड व्हायला हवेत," मामा म्हणाला.

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

सिलिंडरचा काटा मी त्याला दाखवला नाही. ती पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब. धुक्यात चाकांमधून टिक टिक आवाज येत होता, धातू निवत असल्याचा. मामा खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघत होता, जणू तापलेल्या लेकराचं कपाळ.

मग आम्ही उतरलो, पहिल्या गिअरमध्ये, इंच इंच. धुकं विरलं, खाली मोठा रस्ता दिसला, त्यावर गाड्या मुंग्यांसारख्या. मी रडायच्या बेतात होते. आणि जिथे जंगलरस्ता सपाट होऊन मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथून दोनशे पावलं अलीकडे इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

मामाने किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. ऑक्सिजनचा काटा शून्याला चिकटला होता. नळीतून अजून बारीक फुसफुस येत होती. रुग्णालय तीन किलोमीटरवर.

"पळ," मामा म्हणाला. "मी याच्याजवळ बसतो. पळ."

मी पळाले. मोठ्या रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहिले. पहिला ट्रक वळसा घालून शिव्या देत गेला. दुसरी होती बेकरीची पावाची गाडी. ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडला, "बाई, मरायचंय का?"

"मला नाही," मी म्हणाले, "आत गाडीत एक रोगी आहे. त्यालाही मरायचं नाहीये."

त्याने स्टिअरिंग जंगलरस्त्याकडे वळवलं. गाडी आत घेतली, पावाचे ट्रे रस्त्याच्या कडेला रचले, आणि आम्ही तिघांनी पाथरवटाला त्या गरम गोडसर वासाच्या गाडीत ठेवलं. मामाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तो सारखं म्हणत होता, "श्वास घ्या आजोबा, घ्या, हं, अजून एक."

रुग्णालयाच्या दारात दोन वॉर्डबॉयनी त्याला स्ट्रेचरवरून आत नेलं आणि दार बंद झालं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. पाववाल्याने चहा आणून दिला. मामाचा कप मी धरला, तो प्यायला. तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर माझ्याकडे करण्यासारखं काही नव्हतं." मामा उठला, कोपऱ्यात गेला आणि त्याने भिंतीकडे तोंड करून उलटी केली.

पाथरवट वाचला. दगडाला पुन्हा हात लावला नाही, पण पुढची चार वर्षं अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सूचना देत राहिला.

गाडी मिस्त्रीकडे आठ नाही, अकरा दिवस होती. ते अकरा दिवस मामा वर दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. जेवायलाही उठवावं लागायचं. दोन्ही एक्सलमधली जोडी बदलली, ब्रेक नवे झाले, आकडा दाखवणारं यंत्र चाकाप्रमाणे जुळवून घेतलं. गाडी पाचव्यात पुन्हा मोकळी धावायला लागली आणि लिटरला साडेनऊ देऊ लागली. "अकरा का नाही?" मामाने विचारलं, तर मिस्त्री म्हणाला, "उंच गाडी वारा खाते, आणि जड चाक फिरवायला जोर लागतो. गेलेलं सगळं परत मिळत नाही रे."

मामाने त्यानंतर नऊ वर्षं ती गाडी चालवली. खिंडीतूनही सात वेळा गेला. एकदा मी विचारलं, "आता भीती कमी झाली का?"

"छे," तो म्हणाला. "वाढली. पूर्वी मला दगडांची भीती वाटायची. आता मी भीतीपोटी काय करून बसेन, याची वाटते." मग गाडीखाली वाकून त्याने एक्सलवर हात ठेवला, किती गरम झालाय ते बघितलं, आणि मला म्हणाला, "चल, बस. उशीर होतोय."