नळीवरचा थर

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. डेअरीच्या धुण्याच्या खोलीत ब्रशवाल्या मावशी दुधाच्या नळीत लांब दांड्याचा ब्रश फिरवत होत्या. एरवी तोंडाचा पट्टा चालू असे. आज नुसता ब्रश चालला होता.

"मावशी, गरम पाणी सोडलंय की. पुरे आता," जोडीदारीण म्हणाली.

"नुसत्या पाण्यानं बुळबुळ निघते होय?" प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलेलं हे वाक्य आज म्हणताना त्यांना नातीचा कान आठवला.

नातीच्या कानात पडद्यामागे पाणी साचायचं, म्हणून डॉक्टरांनी पडद्यात बारीकशी नळी बसवली होती. पुढे तोच कान वाहू लागला. औषधाचे थेंब घातले की थांबे, बंद केले की पुन्हा उशी ओली. मावशींनी सुनेला धारेवर धरलं. एवढ्यावर न थांबता विहीणबाईंना म्हणाल्या, "तुमच्या लेकीला मोबाइलला वेळ आहे, थेंबांना नाही." विहीणबाई चहा अर्धा ठेवून उठल्या.

मग मावशींनी बाटली स्वतःकडे घेतली. गजर लावून थेंब घातले. बाटली संपली आणि कान पुन्हा वाहिला. मावशींनी गुपचूप उशीचा अभ्रा धुऊन टाकला. बोललेलं मात्र मागे घेतलं नाही.

काल डॉक्टरांनी नळी काढली. म्हणाले, "जंतूंनी नळीवर चिकट थर धरला होता. थेंबांनी वरचे मरतात, थरातले तगून राहतात. आईनं कितीही वेळेवर घातले असते तरी हेच झालं असतं."

परतताना सून शांतपणे म्हणाली, "अभ्रा मी दोरीवर पाहिला होता, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, तुम्हीच सांगाल."

मावशींना मान वर करवेना.

आज डेअरीतल्या आठच्या सुट्टीत त्यांनी विहीणबाईंना फोन लावला. "उद्या घरी आहात का?"

"का? ऐकवायचं काही राहिलंय?"

"नाही. चूक माझी होती. तुमच्या लेकीला घेऊन येते. तिच्या देखत सांगायचंय."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग विहीणबाई म्हणाल्या, "या. चहा टाकते. पण अर्ध्यावर उठायचं नाही."

उद्या मावशींची पाळी एकला सुटते. विहीणबाईंकडे जाणारी बस दीडला आहे.