एक नर्तकी जखमी

"आवं पेपरवाले, घावलं का माजं नाव?" आमच्या सांगलीच्या कचेरीत शिरताना, दारात चप्पल काढता काढताच ती विचारायची. "देऊळ आहे का हे?" मी एकदा वैतागून म्हणालो. "व्हय की," ती म्हणाली. "हितं मानसाचं नाव हुतं."

पलूसहून एसटीनं यायची. उभी हयात तमाशात गेलेली. ती गौळण म्हणायला उभी राहिली की मागची माणसं सरकत सरकत पुढं यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हातारपणी मानधनासाठी सरकारी यादीत कलावंत म्हणून नाव लावायचं, तर त्या काळातलं कात्रण लागतं, तेही तिच्या नावाचं, असं तिला सरकारी कचेरीतल्या साहेबानं सांगितलेलं.

"पैशाचं सोडा," ती म्हणायची. "मी गात हुते, यवढं कागदावर असू द्या की वो."

आता तुम्हीच सांगा, तमाशाला आमच्या पेपरात जागा ती किती? नाकातोंडात धूळ जाईस्तोवर मी जुने अंक चाळले. फडमालकाचं नाव, सोंगाड्याचं नाव आणि पुढं 'व इतर'. मी वाचून दाखवायचो आणि ती खुदकन हसायची. "ही कोन गं बया इतर? समद्या गावात हिचंच नाव!"

अखेर एक बातमी सापडली. म्हसवडच्या यात्रेत तमाशावर दगडफेक, एक नर्तकी जखमी. ती नर्तकी हीच. आणि बातमी माझी. तेव्हा मी साताऱ्याला नवखा बातमीदार होतो. दवाखान्यात तिच्या कपाळाला टाके पडत होते, मी शेजारीच उभा. दगड कुणी मारला हे चौघांना विचारलं, तिला नाव विचारलं नाही. हे तिला सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिला वाचता येत नव्हतं. तरी कात्रणावरून बोट फिरवत राहिली. "आन् नर्तकी कशापायी लिवलंसा? मी गानारीन हुते," एवढंच बोलली.

नाव नाही म्हणून साहेबानं ते कात्रण परत केलं. म्हटलं, निदान आता तरी तुमच्यावर पानभर लिहितो. पण रविवारच्या पुरवणीत कधी जाहिरात आडवी आली, कधी कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस. आणि खरं सांगायचं तर माझा आळस.

ती गेल्याचं सांगायला तिचा पुतण्या आला. फौजेतून रिटायर झालेला, सरळ माणूस. मी त्याच्यासमोरच लेख लिहायला घेतला, मथळ्यातच तिचं नाव. त्यानं हात जोडले. "सायेब, आत्तीचं नाव नका छापू. पोरीची सोयरीक ठरलीया. त्यास्नी तमाशाचं ठावं न्हाई."

रागानं मी पेन आपटलं. पण भांडायचं कुठल्या तोंडानं? मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी निधनवार्तेत दोन ओळी आल्या. माजी सुभेदार अमुक यांच्या आत्या, वृद्धापकाळानं. आज हे लिहितानाही तो शब्द मला मोडवलेला नाही.