आप्पांची पितळी पट्टी

आप्पांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, पितळी पट्टी असे. भूमापन खात्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी ती खिशातून उतरली नव्हती. लग्नपत्रिका आली की आधी तिची लांबी-रुंदी घेत आणि मग वर कोणाकडचा हे विचारत. पेणमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. आमच्या पडवीची एक बाजू चार बोटं तिरकी आहे, हे आम्हाला कळायच्या आधी त्यांना कळलं होतं. आम्हाला ते कळू नये असं माझं मत होतं.

वडखळकडच्या खाडीकाठची माणसं त्यांच्याकडे कागद घेऊन येत. पुढे कागद येईनासे झाले, मोबाइलवर पीडीएफ येऊ लागल्या. जुने नकाशे स्कॅन झाले ही चांगली गोष्ट होती. ते चार बोटांच्या काचेवर बघायचे, एवढीच अडचण होती. "हा नकाशा आहे की मुंगीचं पाऊल?" असं म्हणून आप्पांनी पीडीएफ वाचायचं यंत्र घ्यायचं ठरवलं आणि मला जाणकार म्हणून सोबत घेतलं. माझी जाणकारी पहिल्याच दुकानात संपली.

दुकानदार रंग, कॅमेरा, आवाज सांगत होता. आप्पा म्हणाले, "बाहेर आणा." भर दुपारी फुटपाथवर त्यांनी एकेक टॅबलेट उन्हात धरला. प्रत्येकात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. "हा रोज बघतो मी. सावलीत सगळेच हुशार असतात. बांधावर सावली कुठून आणू?" अखेर रोह्याच्या एका दुकानात कागदासारख्या करड्या पडद्याचं, खिशात मावेल असं यंत्र मिळालं. पान उलटायला ते वेळ घेई. आप्पांना घाई करणारी कुठलीच गोष्ट आवडत नसे, त्यामुळे दोघांचं जमलं.

त्याच पावसाळ्यात खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड. आत हिराबाईचं भाताचं शेत होतं. ती विधवा बाई, दोन मुलगे शाळेत. खारं पाणी एकदा शेतात बसलं की तीन वर्षं तिथे भात नाही. अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजवायची होती आणि प्रश्न एकच होता, ती बुजवायची कोणी? सरकारी योजनेच्या हद्दीत असेल तर खारभूमी खात्याने, हद्दीबाहेर असेल तर गावाने. हद्दीचा दगड चिखलात गडप झालेला. उघाडीपासून, म्हणजे पाणी सोडायच्या दारापासून, तो किती फुटांवर होता हे आता नकाशाच सांगणार होता.

पाहणीला खात्याचे साहेब आले, मागे छत्री धरणारा आणि छत्रीवाल्याच्या मागे फाइल धरणारा. आप्पांनी यंत्र काढलं, आकडे दिसेपर्यंत नकाशा मोठा केला, त्यावर पट्टी ठेवली आणि सांगितलं, "खांड पूर्ण हद्दीत आहे." साहेबांनी मान डोलावली. कागदावर सह्या झाल्या. हिराबाईने आप्पांच्या पायाला हात लावला.

संध्याकाळी आप्पा माझ्या पडवीत आले. चेहरा उतरलेला. "उघाडी ते पहिला दगड, हद्दीच्या अलीकडचा, दोनशे फूट. तरुणपणी मी स्वतः साखळी टाकून मोजलंय. आता पडद्यावर मोजलं, दोनशे साठ आले." नकाशा पडद्यावर मोठा झाला होता, पट्टी मात्र होती तेवढीच; त्यामुळे हद्दीचा दगडही पुढे सरकून खांड आत आली होती. चाळीस वर्षं कागदावर पट्टी ठेवणाऱ्या माणसाला हे सुचणार कसं? मी म्हटलं, साहेबांच्या सह्या झाल्यात. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा आणायला आत गेलो.

सकाळी ते कार्यालयात गेले आणि चूक लिहून दिली. बातमी त्यांच्याआधी गावात पोहोचली. दुपारी हिराबाई त्यांच्या दारात उभी.

"आप्पा, सायब गप व्हता. तुमी कशाला बोललाव? माजी पोरां काय खारा पानी पितील?"

"हिरे, उद्या दुसरी खांड पडेल. तेव्हा माझी पट्टी कोण मानेल गो?"

"उद्याचा उद्या. अमावाश्या हाय सोमवारी."

आप्पा उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "रोह्याला चल. मोठं यंत्र हवं."

या वेळी अट एकच होती. फुलस्केप नकाशा होता तेवढाच दिसला पाहिजे आणि पहिला आणि हद्दीचा, दोन्ही दगड एका पडद्यावर मावले पाहिजेत. दुकानातच त्यांनी उघाडी आणि पहिल्या दगडामध्ये पट्टी ठेवली. दोनशे. तेव्हा कुठे यंत्र पिशवीत गेलं.

फेरपाहणी भर बाराला झाली. साहेबांच्या चकचकीत टॅबलेटमध्ये आभाळ आणि साहेब, दोघेच दिसत होते. ते मुकाट्याने आप्पांच्या पडद्यावर वाकले. हद्द खांडीच्या बरोबर मधून जात होती. अर्धी खात्याची, अर्धी गावाची. साहेब म्हणाले, "स्वतःविरुद्ध अर्ज देणाऱ्याची मोजणी पुन्हा कशाला तपासायची?" एरवी फेरमोजणीच्या नावाखाली वर्ष गेलं असतं. त्या दिवसापासून गावातून घरटी एका माणसाने चिखल आणि दगड वाहिले, हिराबाई सगळ्यांच्या पुढे. गावाची बाजू आधी उभी राहिली. खात्याचं माती टाकायचं यंत्र रविवारी आलं आणि उधाण बाहेरच राहिलं.

आता आप्पा रोह्याला मुलीकडे असतात. नजर जवळजवळ गेली आहे. मोठं यंत्र त्यांनी हिराबाईकडे दिलं. ती ते तांदळाच्या डब्यावर ठेवते आणि मुलांना हात लावू देत नाही. परवा गावाने आप्पांसाठी मानपत्र केलं, तेही पीडीएफच. ते मी त्यांना वाचून दाखवलं. खारभूमीचे तारणहार वगैरे सगळं त्यांनी डोळे मिटून सोसलं. "त्यांच्यामुळे संपूर्ण खांड सरकारने बुजवली" या वाक्याला मात्र हात वर केला.

"थांब. अर्धी."

"आप्पा, मानपत्र आहे ते."

"म्हणून काय झालं? अर्धी हिराने बांधली. दुरुस्त करून आण, मग घेतो."

मी दुरुस्त करून नेलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा पूर्ण वाचून घेतलं, खिशातली पट्टी चाचपली आणि म्हणाले, "आता बरोबर आहे."