‘उद्या संध्याकाळी विचारा’

ती घटना मी विसरलेलो नाही आणि विसरण्याची इच्छाही नाही. तिच्यापायी माझी मुदतीआधी बदली झाली. त्या बदलीचा मला आजही अभिमान वाटतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. साक्रीकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. बाजाराच्या दिवशी दुपारी तालुक्यातले एक वजनदार गृहस्थ आत आले. मागे त्यांचा धाकटा भाऊ, मान खाली घातलेला.

“माझ्या पुतणीला पळवलंय,” थोरले म्हणाले. “ज्युनियर कॉलेजातल्या गणिताच्या मास्तरानं. उद्या तिची सुपारी फोडायचीय. पाहुणे यायच्या आत पोरगी घरात पाहिजे.”

मुलीचा बाप शेजारी उभा असताना फिर्याद चुलता देत होता. त्या घरात शब्द कोणाचा चालतो ते मला तिथेच कळलं.

फिर्याद नोंदवली आणि बाजारात माणसं सोडली. स्टँडजवळच्या पानटपरीवाल्याने खबर दिली. मास्तराने सकाळी त्या मुलीला धुळ्याच्या एसटीत बसवलं होतं आणि स्वतः माघारी फिरला होता. तासाभरात हवालदाराने मास्तराला ठाण्यात आणलं. तिशीतला किडकिडीत माणूस, शर्टाला खडूचे डाग. तो पळाला नव्हता, वर्गावर शिकवत होता. मला तेवढंच खटकलं.

“मुलगी कुठं आहे?”

“सुखरूप आहे, साहेब.”

“कुठं ते विचारतोय.”

“उद्या संध्याकाळी विचारा. बठ्ठं, सगळंच सांगतो.”

हवालदाराचा हात शिवशिवत होता. मी त्याला बाहेर पाठवलं आणि मास्तराला म्हणालो, “अपहरणाचा गुन्हा आहे. नोकरी जाईल, तुरुंगात जाशील. बायको कुठं आहे तुझी?”

“माहेरी गेली.” मग तो ताठ बसून म्हणाला, “मारायचं असेल तर मारा. उद्या संध्याकाळपर्यंत मी बोलणार नाही.”

गुन्हेगार वेळ मागतो तो पळण्यासाठी. हा तर माझ्यासमोर बसून वेळ मागत होता. उद्या दिवसभरात असं काय होणार होतं?

मी मुलीच्या घरी गेलो. ओसरीवर बायका जमल्या होत्या, डोळे पुसत होत्या. बाप खांबाला टेकून बसला होता. आई मात्र चुलीपुढे भाकरी थापत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पोर बेपत्ता झालेल्या कितीतरी आया मी पाहिल्या होत्या. त्यांच्यापैकी कोणी चूल पेटवलेली मला आठवत नव्हती.

बाकीच्यांना बाहेर काढून मी जरा लांब बसलो. सहज विचारल्यासारखं विचारलं, “अक्का, पोरीला वाटेत खायला काय बांधून दिलं?”

“भाकरी नि शेंगदाण्यानी चटणी,” ती बोलून गेली. मग तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. “हां. मीच धाडं तिले. काय करनं ते करी ल्या.”

मग सगळं बाहेर आलं. मुलगी बारावीला तालुक्यात पहिली आली होती. इंजिनिअरिंगच्या गुणवत्ता यादीत तिचं नाव होतं, आणि प्रवेशाची फेरी दुसऱ्या दिवशी जळगावच्या एका कॉलेजात होती. नाव पुकारल्यावर उमेदवार समोर नसेल तर जागा पुढच्याला, असा नियम. चुलत्याने नेमका तोच दिवस सुपारीला धरला होता. मास्तर घरी समजावायला आला तेव्हा त्याला हाकलून दिलं. शेवटी आईने त्याच्या हातापाया पडून मुलगी त्याच्या बायकोबरोबर धाडली होती.

मी मुख्याध्यापकांना गाठून वय विचारलं. पाचवीची शाळा लांब म्हणून तिचं एक वर्ष घरी गेलं होतं. अठरा पूर्ण झालेली होती. कायद्याने प्रश्न मिटला होता. माणसांचा मिटायचा होता.

मुलीचा जबाब घ्यायला पहाटे जीप काढली. ठावठिकाणा लागल्याचं कळताच चुलता आणि बाप हट्टाने बरोबर आले. जळगावला पोहोचलो तेव्हा कॉलेजच्या मोठ्या हॉलबाहेर रांग लागली होती. तिच्यात दोन वेण्या घातलेली ती मुलगी उभी होती, शेजारी मास्तरची बायको. चुलता पुढे झेपावला आणि त्याने तिचं मनगट धरलं. मी त्याचा हात सोडवला.

“साहेब, तिला जीपमध्ये घाला!” तो ओरडला. “मी वर फोन लावीन!”

“लावा. मी इथंच आहे.”

मुलगी चुलत्याकडे न बघता बापाकडे वळली. “आबा, माले कोनी पयाडं नही. मी शिकाले उनू.”

“बठ्ठा गाव काय म्हनीन, बेटा?” बाप म्हणाला.

“गाव रोजच काही ना काही म्हनस.”

आतून तिचा क्रमांक पुकारला गेला. ती निघाली. चुलता पुन्हा सरसावला, तेव्हा त्याला अडवलं ते मी नाही. बाप भावाच्या आडवा उभा राहिला.

टेबलामागच्या कारकुनाने तिला वर-खाली पाहिलं. “सिव्हिल? मुलींनी कशाला घ्यायचं? उन्हात साइटवर उभं राहावं लागतं.”

“निंदणी काय सावलीत होते, सर?” ती म्हणाली. “सिव्हिलच लिहा.”

त्याने लिहिलं.

मुलीचा जबाब नोंदवून मी गुन्हा खोटा असल्याचा अहवाल पाठवला. मास्तर दुसऱ्या दिवशी वर्गावर हजर झाला. चुलत्याने मात्र शब्द पाळला, वर फोन गेला. महिन्याभरात बदली करून मला नियंत्रण कक्षात बसवलं. ती मुलगी पुढे पाटबंधारे खात्यात अभियंता झाली, हे मला मास्तरच्याच पत्रातून कळलं.

या केसने मला शिकवलं ते असं. फिर्यादी मोठ्याने बोलतो म्हणून त्याचं खरं नसतं, आणि आरोपी गप्प बसतो म्हणून तो लबाड नसतो. पोलिसाने आधी बघावं की घाई कोणाला आहे, आणि ती कशासाठी आहे.

बदलीआधी माझ्याकडे लेखी खुलासा मागवला होता. बेपत्ता मुलगी नजरेस पडूनही तिला तात्काळ ताब्यात का घेतलं नाही? मी एका ओळीत उत्तर दिलं होतं आणि आज कोणी विचारलं तरी तेच देईन: सदर मुलगी बेपत्ता नव्हती, ती आपल्या नंबराची वाट पाहत रांगेत उभी होती.